आधी ढील, मग हिसका

जॅक लंडनच्या ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’चं सहावं प्रकरण वाचलेल्या माणसाला त्यातली पैज विसरता येत नाही. डॉसन गावातल्या एका गुत्त्यात आपापल्या कुत्र्यांच्या बढाया चालल्या आहेत. एक म्हणतो, माझा कुत्रा पाचशे पौंडांची स्लेज जागची हलवून चालू लागेल. दुसरा सहाशेवर जातो, तिसरा सातशेवर. जॉन थॉर्नटन बोलून जातो, माझा बक हजार पौंड हलवेल. सोन्याच्या खाणीवर गबर झालेला मॅथ्यूसन तो शब्द तिथल्या तिथे पकडतो आणि हजार डॉलर किमतीच्या सोन्याच्या भुकटीची पिशवी सगळ्यांसमोर आपटतो. त्याची स्लेज दाराबाहेरच उभी आहे. तिच्यावर पन्नास पौंडांची पिठाची वीस पोती आहेत. ती नुसती हलवायची नाही, शंभर यार्ड न्यायची.

आपल्या मापात सांगायचं तर ओझं 454 किलो, कुत्रा 68 किलो, अंतर 91 मीटर आणि थंडी उणे 51 अंश सेल्सिअस. बक पैज जिंकतो.

या प्रसंगाची कीर्ती कुत्र्याच्या ताकदीसाठी आहे आणि ती रास्त आहे. पण पुन्हा वाचताना माझं लक्ष दरवेळी एकाच हालचालीवर थांबतं. सगळा जमाव श्वास रोखून बघतो आहे, आणि बक आधी दोर ताणून पाहतो, मग काही इंच मागे सरून त्यांना ढील देतो. एवढ्या मोठ्या बळाची सुरुवात मागे सरण्याने होते. माझ्या मते ही ढील कळली की कादंबरीचा गाभा कळतो, आणि कुत्र्याला दोराने सोबत घेऊन चालणं म्हणजे काय, हेही कळतं.

लंडनला हे जग ऐकीव नव्हतं. 1897 साली, एकविसाव्या वर्षी, तो सोन्याच्या शोधात क्लॉन्डाइकला गेला. कडाक्याचा हिवाळा त्याने तिथे काढला आणि 1898 मध्ये स्कर्व्हीने खंगून, सोन्याशिवाय परतला. डॉसनला त्याचा मुक्काम बाँड बंधूंच्या खोपटाजवळ होता. त्यांचा सेंट बर्नार्ड आणि स्कॉच शेफर्ड जातींच्या संकराचा दांडगा कुत्रा हाच पुढे बकचा नमुना ठरला. कादंबरी 1903 मध्ये आधी ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मधून क्रमशः आली आणि त्याच वर्षी पुस्तकरूपाने निघाली. सात प्रकरणांचं हे छोटं पुस्तक. त्यात दोर किती वेळा येतो आणि दरवेळी तो कुठे बांधलेला आहे, कोणाच्या हातात आहे, याकडे लक्ष ठेवून वाचलं की लंडनची बांधणी उलगडत जाते.

पहिला दोर गळ्याभोवती येतो. कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीश मिलरच्या बागेत राजासारखा वाढलेला बक माळ्याचा मदतनीस मॅन्युएलबरोबर रात्री फिरायला म्हणून निघतो. मॅन्युएल त्याच्या पट्ट्याखालून जाडजूड दोराचा दुहेरी वेढा घालतो. बक तो मुकाट्याने घालून घेतो, कारण ओळखीच्या माणसांवर विश्वास ठेवायची त्याला सवय आहे. दोराची टोकं परक्याच्या हाती जातात तेव्हा तो फक्त गुरगुरतो. त्याच्या आजवरच्या आयुष्यात नापसंती दाखवणं पुरेसं होतं. इथे उत्तर म्हणून दोर आवळला जातो आणि श्वास कोंडतो. तो झेप घेतो, दोर आणखी पिळला जातो, तो पाठीवर आपटतो. लंडन या प्रसंगावर भाष्य करत नाही. ज्या जागी दोर आहे ती जागाच सगळं सांगते. गळ्यातून बळ काढता येत नाही, फक्त ते मोडता येतं. जगातल्या सर्वांत दणकट कुत्र्यालाही तिथे धरलं की उरतो तो फक्त श्वासासाठीचा झगडा.

दुसरा दोर छातीवर येतो. कॅनडाच्या सरकारी टपालवाहकांपैकी फ्रांस्वा त्याच्या अंगावर पट्टे आणि बकलं चढवतो. घरी मोतद्दार घोड्यांना असा साज घालताना बकने पाहिलं होतं. जंगलापर्यंत फ्रांस्वाला ओढत न्यायचं आणि जळाऊ लाकडं घेऊन परतायचं, हा पहिला धडा. आपल्याला ओझ्याचं जनावर केलं, हे त्याला लागतं, तरीही तो जीव ओतून ओढतो. आता दोराचं काम पालटलं आहे. छातीच्या रुंद पट्ट्यावर भार पसरतो, गळा मोकळा राहतो, आणि प्राण्याने पुढे रेटलेलं सगळं वजन ओझ्यापर्यंत पोचतं.

कुत्र्याच्या शरीराची घडण या कामाला विलक्षण जुळते. त्याच्या पुढच्या पायांना आपल्यासारखा गळपट्टीच्या हाडाचा भक्कम सांधा नाही. खांदे धडाला स्नायूंनीच जोडलेले असतात, त्यामुळे पाऊल लांब पडतं आणि धक्का स्नायूंत जिरतो. उभ्या कुत्र्याचं निम्म्याहून अधिक वजन पुढच्या पायांवर असतं. जमिनीत रुतणारी, आत न ओढली जाणारी नखं चारही पायांना असतात. शिवाय तो ओढायला लागला की खाली वाकतो, म्हणजे अंगाचा भार जमिनीजवळ येतो. दोन पायांवर, कंबरेइतक्या उंचीवर तोल सांभाळणाऱ्या माणसाला 25 किलोचा कुत्रा फरफटवू शकतो, त्याचं आश्चर्य या रचनेकडे पाहिलं की उरत नाही.

बकच्या शाळेतले खरे शिक्षक मात्र कुत्रेच आहेत. स्लेजला सर्वांत जवळ जुंपलेला डेव्ह बक चुकला की त्याच्या मागच्या पायांना चावा घेतो. पुढे असलेला स्पिट्झ आपलं वजन दोरावर टाकून बकला हवा त्या वाटेवर खेचतो. थांबायचा शब्द, निघायचा शब्द, वळणावर बाहेरून फिरणं, उतारावर भरलेली स्लेज मागून येते तेव्हा मागच्या कुत्र्याच्या वाटेतून दूर राहणं, हे सगळं बक शिकतो. एकदा वाटेतल्या छोट्या थांब्यावर तो दोरात गुंततो आणि निघायला खोळंबा होतो, तेव्हा डेव्ह आणि टोळीतलाच दुसरा कुत्रा सोल-लेक्स दोघंही त्याच्यावर तुटून पडतात. त्यानंतर दोर मोकळे ठेवायची काळजी तो स्वतःच घेतो. डेव्हबद्दल लंडन एक फार मोलाचं निरीक्षण नोंदवतो: हा कुत्रा विनाकारण कधी चावत नाही आणि कारण असताना कधी सोडत नाही. शिकवण्याचं सगळं मर्म त्यात आलं. चूक आणि परिणाम यांत अंतर नाही, परिणामाला राग चिकटलेला नाही, आणि नियम आज एक, उद्या दुसरा असा बदलत नाही.

याच डेव्हचं मरण हा कादंबरीतला सर्वांत करुण भाग आहे. आतून दुखावलेल्या डेव्हला विश्रांती द्यावी म्हणून माणसं त्याला सोडवतात, आणि तो स्लेजच्या बाजूने भुसभुशीत बर्फातून धडपडत धावत राहतो. शेवटी त्याच्या जागी जुंपलेल्या सोल-लेक्सचे दोर दातांनी तोडून तो आपल्या जागी येऊन उभा राहतो. माणसांना कळतं की त्याला कामाबाहेर ठेवणं हेच आता जास्त क्रूर आहे. ते त्याला पुन्हा जुंपतात. इथे दोर बंधनाचा राहिलेला नाही. तो त्या जिवाचा मान झाला आहे. लंडन हे सांगताना हुंदका काढत नाही. तो फक्त तोडलेले दोर आणि जागेवर उभा कुत्रा दाखवतो.

पाचव्या प्रकरणात तो आपल्याला एक अपयश दाखवतो, आणि पैजेची खरी तयारी तिथे होते. हॅल, चार्ल्स आणि मर्सिडीज हे अननुभवी त्रिकूट बकसह सगळी टोळी विकत घेतं. त्यांची स्लेज सामानाने ओसंडते आहे. कुत्रे छातीच्या पट्ट्यांवर वजन टाकतात, पाय रोवतात, खाली वाकतात, सगळं बळ लावतात. स्लेज नांगरल्यासारखी जागच्या जागी. हॅल चाबूक ओढतो. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. अखेर बघ्यांपैकी एकाला कुत्र्यांची कणव येते आणि तो सांगतो की बुडाच्या पट्ट्या बर्फात गोठल्या आहेत, पुढच्या दांड्यावर उजवीकडे-डावीकडे जोर देऊन आधी त्या सोडवा. सल्ला मानल्याबरोबर स्लेज निघते, आणि शंभर यार्डांवरच्या उताराच्या वळणावर उलटून अर्धं सामान रस्त्यावर सांडते.

वाचकाच्या हातात लंडनने इथे एक किल्ली दिली आहे. चालती स्लेज थांबली की बुडाखालचा पाण्याचा पातळ थर गोठतो आणि पट्ट्या बर्फाला चिकटून बसतात. हा सांधा सरळ ओढून तुटत नाही, बाजूला पिळून तुटतो. चिखलात रुतलेली बैलगाडी काढताना जाणता गाडीवान बैलांना आधी एका अंगाला, मग दुसऱ्या अंगाला वळवतो, तेच हे शहाणपण. अंतरही बघा: हॅलची स्लेज जितक्या यार्डांवर उलटते, तितकेच यार्ड पुढच्या प्रकरणात बकला पार करायचे आहेत. सगळी टोळी मिळून जिथे हरली तिथे एकटा बक कसा जिंकेल, या प्रश्नाचं निम्मं उत्तर आपल्याला आधीच मिळालेलं असतं. म्हणून पैजेचा निकाल चमत्कार वाटत नाही. तो पटतो.

थॉर्नटनची आणि बकची भेट दोर कापण्याने होते, हेही लंडनने योजून केलं आहे. मरायला टेकलेल्या बकला हॅल बडवत असतो. थॉर्नटन मध्ये पडतो, हॅलच्या हातातला सुरा खाली पाडतो, आणि त्याच सुऱ्याच्या दोन घावांत बकचे दोर तोडतो. पुढे थॉर्नटन नदीच्या धारेत सापडतो, तेव्हा त्याचे सोबती बकच्या मानेला आणि खांद्यांना दोर बांधून त्याला पाण्यात सोडतात. गळा आवळू नये आणि पोहायला अडथळा होऊ नये, याची ते काळजी घेतात, असं लंडन आवर्जून सांगतो. पहिल्या प्रकरणातला दोर आठवला की या एका तपशिलाची किंमत कळते. तोच प्राणी, तीच मान, पण या वेळी बांधणाऱ्या हातांना त्याच्या श्वासाची फिकीर आहे.

आता पैज. थॉर्नटन बाहेर येतो तोवर त्याच्या मनात शंकेने घर केलं आहे. स्लेजसमोर तिची नेहमीची दहा कुत्र्यांची टोळी बर्फात वेटोळी करून पडलेली दिसते, आणि आपण काय बोलून बसलो हे त्याला उमगतं. जमावात वाद पेटतो: स्लेज सुटी करणं यात काय येतं? थॉर्नटनने पट्ट्या मोकळ्या करून द्याव्यात आणि मग कुत्र्याने ओढावी, की गोठलेल्या पट्ट्याही कुत्र्यानेच सोडवाव्यात? मॅथ्यूसनने धरलेला दुसरा अर्थ ग्राह्य ठरतो. हॅलच्या स्लेजला जे काम माणसाच्या हाताने केलं होतं, ते आता बकच्या शरीराला करावं लागणार. एका शब्दाच्या अर्थावरचा गुत्त्यातला वाद म्हणून आपण हा भाग भरभर वाचून जातो, पण पुढची प्रत्येक हालचाल त्यातून निघाली आहे.

थॉर्नटन बकचं डोकं दोन्ही हातांत धरतो आणि कानाशी त्याच्या प्रेमाची शपथ घालतो. बक त्याचा हातमोज्यातला हात जबड्यात घेतो, दाबतो आणि नाइलाजाने, हळूहळू सोडतो. याच प्रकरणात आधी लंडनने सांगून ठेवलं आहे की बकची माया दाखवायची रीत हीच: हात तोंडात धरून असा दाबायचा की दातांचे वळ काही वेळ राहावेत. म्हणून या ठिकाणी त्याने काहीही समजावून सांगितलेलं नाही. माणसाने शब्दाने विचारलं, कुत्र्याने दातांनी उत्तर दिलं, आणि दोघांना ते पुरलं.

मग ती ढील येते. पहिला हुकूम ‘गी’, म्हणजे उजवीकडे. बक उजवीकडे झेपावतो, ढील संपते, दोर हिसक्याने त्याचं अंग थोपवतो. ओझं थरथरतं, पट्ट्यांखालून कडकड ऐकू येते. दुसरा हुकूम ‘हॉ’, डावीकडे. तीच हालचाल उलट बाजूला, आणि कडकडीचा आवाज आता मोडण्याचा होतो. स्लेज किंचित फिरते. आता सरळ पुढे जायचा ‘मश’. बकची छाती जमिनीला लागेल इतकी खाली जाते, डोकं पुढे झुकतं, नखं टणक बर्फावर समांतर चरे ओढतात. एक पाय घसरतो आणि कोणीतरी कण्हतं. मग स्लेज इंचाइंचाने पुढे सरते. लंडनची वाक्यंही तशीच तुटक होतात, थांबून थांबून सरकतात, आणि स्लेजला वेग आला की लांब होत जातात. हिसके एकमेकांत मिसळून सलग चाल होते. इथे वाचकाच्या खांद्यांवरचा ताण खरोखर उतरतो.

ढील देण्यामागचं शास्त्र सोपं आहे. जागच्या जागी उभं राहून कुत्रा जितकं रेटू शकतो, त्याला पायांच्या पकडीची मर्यादा असते. पण 68 किलोचं शरीर सेकंदाला दीड मीटर वेगाने निघालं आणि दोराने ते 5 सेंटिमीटरच्या आत थोपवलं असं धरलं, तर त्या क्षणी दोरावर सरासरी दीडशे किलो वजनाइतका ताण येतो. तो कुत्र्याच्या वजनाच्या दुपटीहून जास्त आहे. चिकटलेली पट्टी सुटायला असा क्षणभराचा तडाखा लागतो. ती सुटल्यावर घर्षण कमी होतं आणि चिवट, सलग ओढ पुरते. लंडनने एकही सूत्र न लिहिता दोन्ही टप्पे अचूक रंगवले आहेत. उणे 51 अंशांत बर्फ वाळूसारखं रुक्ष होतं आणि पट्टीखाली घसरायला पाण्याचा थर धरत नाही. म्हणूनच हलल्यानंतरचे ते शंभर यार्डही त्याने सोपे केलेले नाहीत.

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत सकाळी लॅब्राडॉर फिरवणाऱ्यांच्या खांद्यांना हेच शास्त्र रोज भेटतं. 30 किलोचा कुत्रा मांजर पाहून सुसाट निघतो. लांब लीशची ढील त्याला वेग घ्यायला पुरते. सेकंदाला चार मीटर वेगातून तो वीसेक सेंटिमीटरमध्ये थांबला, तर हातावर 120 किलोच्या आसपास झटका बसतो. म्हणून लीश मनगटाला गुंडाळू नये आणि बोटांत अडकवू नये. रोजच्या चालीसाठी दीड-दोन मीटरची साधी लीश बरी. आपोआप गुंडाळली जाणारी लीश नेहमी थोडी ताणलेली राहते, आणि ताण म्हणजेच चालणं, असं कुत्रा तिच्यावरून शिकतो.

कुत्रा ओढतो, कारण ओढल्यावर काम होतं. त्याची सहज चाल आपल्यापेक्षा जलद असते. पुढच्या झाडाचा वास त्याला हवा असतो, तो खेचतो, आपण मागून पोचतो, आणि खेचण्याला बक्षीस मिळून जातं. उपाय डेव्हच्या काटेकोरपणाचाच, त्याच्या दातांविना. लीश ताणली की आपले पाय तिथेच थांबले पाहिजेत. ढिली झाली की लगेच चालू लागायचं. तो आपल्या गुडघ्याशी चालत असेल तेव्हा तिथेच खाऊ द्यायचा, आणि अधूनमधून त्याला मनसोक्त हुंगूही द्यायचं. घरातल्या सगळ्यांनी हा एकच नियम पाळायचा. गळ्याला हिसडे देण्याने कुत्रा खोकतो, घाबरतो किंवा आणखी जोराने विरोध करतो. छातीवर पुढच्या बाजूला कडी असलेला हार्नेस घातला की तो खेचताना आपोआप आपल्याकडे वळतो. स्लेजच्या कुत्र्यांना दोर ताणून धरणं हीच शिस्त शिकवतात, आपल्याला ढिला ठेवायला शिकवायचं असतं. कुत्रा दोन्ही शिकू शकतो, आणि कोणत्या साजात काय अपेक्षित आहे, हेही ओळखतो.

लंडनच्या जगात दांडका आणि चाबूक भरपूर आहेत. त्याने ते सुंदर करून दाखवलेले नाहीत, पण त्यांच्या जोरावर कुत्री घडतात हे तो मान्य करतो, आणि तिथे आजच्या वाचकाने त्याच्याशी खुशाल मतभेद ठेवावा. थॉर्नटनने फुशारकीपायी आपल्या जिवलगाला पणाला लावलं, हाही डाग पुसता येत नाही. तरी सर्वांत मोठ्या बळाच्या प्रसंगात लेखकाने चाबूक येऊ दिलेला नाही, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. स्लेजच्या कुत्र्यांना लगाम नसतो, वेसण नसते. वळायचं, निघायचं, थांबायचं ते शब्दावर. सगळी शर्यत शेवटी तीन हुकुमांवर आणि ते ऐकणाऱ्या कानांवर उभी आहे. बक उजवीकडे झेपावला नसता, डावीकडे वळला नसता, सांगितल्या क्षणी सरळ निघाला नसता, तर त्याचे 68 किलो हॅलच्या सगळ्या टोळीइतकेच निरुपयोगी ठरले असते.

म्हणून मला वाटतं, ताकद आणि शिस्त यांना परस्परांविरुद्ध उभं करणाऱ्यांनी हे प्रकरण सावकाश वाचावं. कुत्र्याचं बळ कमी करून त्याला शहाणं करायचं, ही आपली रूढ समजूत आहे. लंडन दाखवतो की ऐकायला शिकलेल्या कुत्र्याचं बळ वाढतं, कारण ते योग्य क्षणी, योग्य दिशेला, एकवटून खर्च होतं. आणि ते ऐकणं विश्वासाने मिळवावं लागतं. दोराच्या एका टोकाला एवढी ताकद असताना दुसऱ्या टोकाच्या माणसाने काय करायचं, याचं उत्तर त्या काही इंचांत आहे: आपल्या बाजूने आधी ढील द्यायची, नियम न बदलता ठेवायचा, आणि जे सांगायचं ते त्याला कळेल असं सांगायचं. एवढं जमलं तर आपल्याकडच्या लहानशा फेरीतही कुत्र्याचा खरा आवाका दिसू लागतो, आणि तो दिसणं हे त्याला पाळण्यातलं सर्वांत मोठं सुख आहे.